आजीसाठी थांबलेली गाडी : मूर्तिजापूर ते अचलपूर, शकुंतलेच्या रुळांच्या कडेकडेने

आमच्या आजीची एक गोष्ट होती. ती म्हणायची, "शकुंतलेच्या गार्डानं माह्यासाठी गाडी थांबवली होती." तेही स्टेशनवर नाही, अंजनगावच्या अलीकडे शेताजवळ, मधेच. डोक्यावर गाठोडं, कडेवर माझी आई, आणि गाडी उभी. आई म्हणते थाप आहे, मामा म्हणतो खरं आहे, आणि आम्ही नातवंडं प्रत्येक सुट्टीत ती गोष्ट नव्याने ऐकायचो, दर वेळी गाठोडं थोडं मोठं झालेलं असायचं. आजी गेली, गाडीही बंद पडली. या डिसेंबरात चार दिवस सुट्टी उरली होती म्हणून ठरवलं की मूर्तिजापूर ते अचलपूर सगळी लाईन एकदा कडेकडेने बघायची. सोबत मामेभाऊ, म्हणजे दादा, आणि त्याची बाईक.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शकुंतला म्हणजे वऱ्हाडातली नॅरोगेज. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर, माथेरानपेक्षा जरा रुंद. मूर्तिजापूरला मुंबई-नागपूर मेन लाईन, तिथून एक फाटा खाली यवतमाळला (११३ किमी) आणि एक वर अचलपूरला (७६ किमी). ज्या खासगी कंपनीने हे फाटे टाकले, पुलगाव-आर्वी हीसुद्धा तिचीच लाईन. यवतमाळची बाजू आधी बंद पडली, अचलपूरची त्यानंतर काही वर्षं रडतखडत चालली आणि मग तीही थांबली.

पहिला दिवस : मूर्तिजापूर, लाखपुरी

पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने गेले, स्लीपर, झोप बरी झाली, पुढे काही सांगण्यासारखं नाही. मूर्तिजापूरला उतरल्यावर पहिल्यांदा आलुबोंडा. पुणेकरांनी बटाटेवडा समजू नये, वर तर्री ओततात आणि दुसरा खाल्ल्याशिवाय उठवत नाही.

नॅरोगेजचा भाग मेन स्टेशनला लागूनच आहे. एका बाजूला पंचवीस डब्यांच्या गाड्या धडधडत जातात आणि दुसऱ्या बाजूला हे खेळण्यातले वाटावे असे रूळ, त्यांच्यामधून बाभळी उगवलेल्या. मी खाली बसून रुळावर हात ठेवला तर गंज चुऱ्यासारखा बोटांना लागला, आणि माझ्या पसरलेल्या हाताच्या दोन वितींत जवळजवळ अर्धी लाईन मावत होती. एवढ्याशा रुंदीवर माणसं, कापूस, शेळ्या सगळं चालायचं.

चहाच्या टपरीवर एक काका भेटले, रुळांची डागडुजी करणाऱ्या रेल्वेच्या गँगमध्ये काम करून रिटायर झालेले. आम्ही फोटो काढताना बघून स्वतःच आले. "काय पाहू राह्यले पोरी? आता काय राह्यलं तिथं?" मी म्हटलं, माझी आजी या गाडीने यायची. मग त्यांनी चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्याच व्हिडिओत सापडलं नव्हतं. ही लाईन सगळी काळ्या जमिनीवरून जाते. कपाशीची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणजे रूळ वर्षातून दोनदा जागा सोडतात. त्यांच्या शब्दांत, "जमीनच श्वास घेते, आमी काय करणार?" पावसाळा लागला की गँग नुसती खडी टाकत आणि स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, उचलत बसायची आणि जोराचा पाऊस झाला की गाडीच बंद. शेवटी शेवटी वेग एवढा कमी केला होता की पोट्टे उतरून बोरं तोडून परत चढायचे असं ते म्हणाले. हा जोक मी आजीकडूनही ऐकलाय, फक्त तिच्या वेळी बोरांऐवजी तुरीच्या शेंगा होत्या.

मी लगेच विचारलं, मधेच थांबायची का? म्हणाले, "हात दाखवला त थांबे बी कधी कधी. पण गार्ड कसा आहे त्याच्यावर." म्हणजे आजीची केस अजून अनिर्णित.

इंजिनाचंही त्यांनीच काढलं. अगदी १९९४ पर्यंत इथे वाफेचं इंजिन होतं, झेडडी क्लास नावाच्या जातीचं, १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं आणि १९२३ पासून या रुळांवर. ७० वर्षं तेच. १५ एप्रिल १९९४ ला ते काढून डिझेल लावलं. काका म्हणाले डिझेल आलं तेव्हा लोकांना आनंद झाला नाही, कारण वाफेच्या इंजिनाला मधे पाणी घ्यायला थांबावं लागायचं आणि तेवढ्यात लोकांचं चहा, तंबाखू, गप्पा सगळं उरकायचं.

मँचेस्टरचा योगायोग मला मजेदार वाटतो, कारण ही लाईन टाकलीच मुळात कापसासाठी. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं, १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यावर लँकेशायरच्या, म्हणजे मँचेस्टरच्या भागातल्या, गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला, १८६७ ला मेन लाईन नागपूरपर्यंत पोचली. मग उरला प्रश्न आतल्या गावांतला कापूस मेन लाईनपर्यंत आणायचा कसा, बैलगाडीने चिखलातून किती दिवस आणणार. त्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या किलिक निक्सन या ब्रिटिश फर्मने सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे नावाची कंपनी काढून हे फाटे टाकले. गाड्या चालवायची जीआयपी, म्हणजे मेन लाईनवाली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, रूळ कंपनीचे. म्हणजे कापूस इथून मँचेस्टरला गेला आणि तिथून इंजिन आलं.

आणि हो, तो सगळ्यांचा आवडता मुद्दा, "भारतातली शेवटची ब्रिटिश रेल्वे, अजून इंग्लंडला पैसे जातात!" दरवर्षी १५ ऑगस्टला व्हॉट्सॲपवर येतो. मूळ गोष्ट अशी की १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाली तेव्हा बाकी लाईन्स सरकारच्या झाल्या पण ही कंपनीच्याच मालकीची राहिली, रेल्वे ती चालवायची आणि करारानुसार कंपनीला वाटा द्यायची, करार दर दहा वर्षांनी पुढे वाढवला जायचा. ते "गोऱ्यांचं राज्य" वगैरे मला जरा जास्तच वाटतं, किलिक निक्सन तर स्वातंत्र्यानंतर भारतीय हातात गेलेली फर्म. खरी अडचण साधी होती, रूळ एकाचे आणि गाडी दुसऱ्याची, मग दुरुस्तीला खिशात हात कोणी घालायचा? भाड्याच्या घराचं छप्पर गळतं तसंच. काकांना मी हे म्हटलं तर ते म्हणाले, "मालक कोनी का असेना, गाडी चालू पाहिजे होती."

दुपारनंतर लाखपुरीला गेलो. पूर्णेच्या काठावर लक्ष्मेश्वराचं देऊळ आहे, घाटावर बसायला छान. नदीला डिसेंबरात पाणी बेताचंच, बगळे मात्र भरपूर. गाडी पूर्णा ओलांडून दर्यापूरकडे जायची. पुलावर चढू नका, आम्ही पण नाही चढलो, दादाला चढायचं होतं पण मी आईला फोन लावायची धमकी दिली.

मुक्कामाचं सांगायचं तर मूर्तिजापुरात स्टेशनजवळ साध्या लॉज आहेत, पण फॅमिली सोबत असेल तर सरळ अकोल्यात राहा आणि सकाळी या. आणि उन्हाळ्यात येऊ नका, अजिबात नाही. डिसेंबर-जानेवारी बेस्ट, सकाळी स्वेटर लागतो.

दुसरा दिवस : दर्यापूर, लासूर आणि पंक्चर

हा सगळा पट्टा खारपाणपट्टा आहे. म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं. विहीर खणा, बोअर मारा, खारंच लागणार, त्या पाण्याने पीक जळतं आणि पिणाऱ्याचे हाल होतात ते वेगळेच. त्यामुळे इथे शेती पावसावर आणि मातीत धरून ठेवलेल्या ओलीवर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हरभरा, तूर, आणि वेचणीला आलेली कपाशी. पिण्याचं पाणी सोबत घ्या, दोन बाटल्या जास्तच. मी एका शेतात हातपंपाचं पाणी चाखून बघितलं, चव बराच वेळ जिभेवरून गेली नाही.

दर्यापूरला पोचायच्या आधी दादाने शहाणपणा करून बाईक रुळांच्या कडेच्या पायवाटेवर घातली. पंधरा मिनिटांत मागचं टायर बसलं. बाभळीचा काटा, चांगला बोटभर. ढकलत ढकलत निघालो तर कापूस वेचणाऱ्या बायकांनी शेतातून हाक मारली, "इकडं कुठं गाडी घातली वो भाऊ, हे काय रस्ता व्हय?" मग त्यांच्यातल्या एकीच्या मुलाला फोन लावला गेला, तो पंक्चरवाल्याला घेऊन येईपर्यंत आम्ही बांधावर बसून त्यांच्या डब्यातलं खाल्लं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, लाल मिरचीचा ठेचा. ठेच्यात शेंगदाणा तेल एवढं की भाकरी मोडून बुडवली की वरून लाल थेंब गळायचा. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, त्या हसत सुटल्या, एकीने गुळाचा खडा काढून दिला.

बोलता बोलता शकुंतला निघालीच. साठीच्या एक मावशी होत्या, त्या लग्न होऊन याच गाडीने सासरी आलेल्या. त्यांना बंद पडलेल्या गाडीबद्दल जरासुद्धा गोड आठवण वगैरे नव्हती, राग होता. त्यांचं म्हणणं, बसचं तिकीट गाडीच्या कितीतरी पट, आणि बसमध्ये गाठोडं घेऊन चढलं की कंडक्टर तोंड वाकडं करतो. गाडीत गाठोडं, शेळी, भाजीची टोपली, कोणी काही म्हणत नव्हतं. वेळ लागायचा, ७६ किलोमीटरला चार तास धरा. "पण आमाले कुठं विमान पकडाचं होतं?" माहेरी जायचं म्हणजे दिवस मोडायचाच, तो गाडीत मोडला काय आणि स्टँडवर मोडला काय. आता बसच्या पैशांचा हिशोब करून त्या माहेरी वर्षातून एकदाच जातात, असं त्यांनी अगदी सहज सांगितलं आणि परत कापूस वेचायला वळल्या.

मी त्यांनाही आजीची गोष्ट विचारली. "थांबत असंल नं. माह्यासाठी नाई थांबली कधी." दादा म्हणाला, बघ, एक मत विरोधात.

टायर झाल्यावर लासूरला गेलो, आनंदेश्वराचं यादवकाळातलं दगडी देऊळ. हे प्लॅनमध्ये नव्हतं, पंक्चरवाल्याने सांगितलं की इतक्या लांब आले आणि ते नाही पाहिलं तर काय पाहिलं. अगदी बरोबर सांगितलं. सपाट काळ्या रानात एकदम ते देऊळ उभं राहतं, खांबांवरचं कोरीव काम बघत तासभर कसा गेला कळलं नाही. दुपारी गेलात तर चप्पल काढल्यावर दगड पोळतात, मोजे घाला.

दर्यापूर-बनोसा भागातलं स्टेशन संध्याकाळी पाहिलं. फार काही लिहीत नाही. कचरा, तुटकी खिडकी, पत्ते खेळणारी माणसं. खरं सांगायचं तर मला तिथे वाईट वाटायला हवं होतं पण भूक लागली होती. पुढे अंजनगावला मामाकडे पोचलो तेव्हा मामीने कढी-गोळे केले होते. डाळीचे गोळे कढीत सोडलेले, वरून लसणाची फोडणी. मी किती खाल्ले ते लिहिणार नाही.

तिसरा दिवस : अंजनगाव सुर्जी, पथ्रोट, अचलपूर

योगायोग बघा, ती तारीख होती ३० डिसेंबर. १८०३ साली याच तारखेला याच गावात दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला, सुर्जी-अंजनगावचा तह, शाळेत एका मार्काला यायचा. त्याआधी पंधरा दिवस इंग्रजांनी गाविलगड घेतला होता. मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "हाव, अन् त्यानंतर शंभर वर्षांनी कापूस न्यायले रूळ टाकले." मामाने इतिहासाचं पुस्तक शाळेनंतर उघडलेलं नाही पण त्याचा हिशोब बरोबर आहे.

सकाळी मामाने आधी पानमळा दाखवला. अंजनगावची विड्याची पानं आणि पानपिंपरी दोन्ही नावाजलेली. पानपिंपरी म्हणजे त्रिकटूमधली पिंपळी, तीच, सुंठ-मिरी-पिंपळी. वेल झाडांच्या आधाराने चढवतात, आत शिरलं की बाहेरचं ऊन विसरायला होतं, ओला गारवा आणि तिखटसर वास. मळेवाल्या आजोबांनी एक हिरवी पिंपरी चावायला दिली. आधी काहीच नाही, मग जीभ हळूहळू बधिर. पानं, केळी हा असला नाजूक माल पूर्वी गाडीने मूर्तिजापूरला आणि तिथून मेन लाईनने बाहेर जायचा असं ते म्हणाले. आता ट्रक. घ्यायची असेल तर वाळलेली पिंपरी घ्या, वर्षभर टिकते, आणि भाव दोन ठिकाणी विचारा.

गाडगेबाबांचं जन्मगाव शेंडगाव याच तालुक्यात, आणि ते वाढले मामाकडे दापुऱ्याला, म्हणजे मूर्तिजापूर तालुक्यात. एक गाव लाईनच्या या बाजूचं, एक त्या बाजूचं. वेळ असेल तर शेंडगावला जाऊन या, आम्हाला जमलं नाही.

मग मामा म्हणाला, चल तुला आजीची जागा दाखवतो. मी म्हटलं कुठली जागा? "जिथं थांबली होती."

गावाच्या अलीकडे एक फाटक आहे, म्हणजे होतं. कच्चा रस्ता रूळ ओलांडून शेतांकडे जातो. लोखंडी खांब एका बाजूचा उभा आहे, दुसऱ्या बाजूचा नाही. रुळांवर माती भरून ट्रॅक्टरची चाकोरी पडलेली. आजीचं शेत तिथून दोन मिनिटांवर.

आणि मग मामाने जे सांगितलं ते माझ्या डोक्यात आधी का आलं नाही काय माहीत. या लाईनवर फाटकांना वेगळा माणूसच नव्हता. गाडीतलाच माणूस फाटकाच्या आधी उतरायचा, चालत पुढे जाऊन फाटक बंद करायचा, मग गाडी हळूच फाटक ओलांडून पलीकडे जाऊन पुन्हा उभी राहायची, तो फाटक उघडायचा, आणि पळत येऊन मागच्या डब्यात चढायचा. म्हणजे प्रत्येक फाटकाला गाडी दोनदा थांबायची. छोट्या स्टेशनांवरही तेच, तिथे तिकीट द्यायला कोणी नाही, गार्डच खाली उतरून तिकिटं फाडणार, आणि बऱ्याच काळापासून लाईनवर एकच गाडी जाऊन येऊन करत असल्याने समोरून दुसरी येईल अशी भीती नाही, घाई नाही. मोजक्या माणसांनी सगळं, ड्रायव्हरपासून फाटकापर्यंत.

मामा फाटकाच्या पलीकडे चालत गेला, पावलं मोजत. साधारण जिथे मागचा डबा उभा राहत असेल तिथे थांबला आणि म्हणाला, "इथं. माय शेतातून इथं येऊन उभी राहे. दुसऱ्यांदा थांबली की चढे."

मी तिथे जाऊन उभी राहिले. बाजूला बोरीचं झुडूप, रुळाच्या खोबणीत एक शेण्याचा तुकडा, आणि लांबून कोणाच्या तरी पंपाचा आवाज. दादाने फोटो काढला, त्यात मी डोळे मिटलेत.

पुढचं भराभर झालं. पथ्रोटला चहा. अचलपूर स्टेशन दुपारी, शेवटचं टोक, शांत, मोठी झाडं, रूळ संपतात तिथे गवत कमरेएवढं, आणि पोरं प्लॅटफॉर्मवर क्रिकेट खेळत होती. या स्टेशनचा कोड आहे ईएलपी, म्हणजे एलिचपूर, गावाचं नाव बदललं तरी रेल्वेच्या वहीत इंग्रजांचाच उच्चार बसलाय. गाव मात्र बघण्यासारखं आहे, एकेकाळची वऱ्हाडची राजधानी, इमादशाहीची. दुल्हा दरवाजा बघा आणि गावाबाहेरचा हौज कटोरा नक्की बघा, तळ्याच्या मधोमध अष्टकोनी मनोरा. संध्याकाळचं ऊन त्याच्यावर पडतं तेव्हा जा. एक दिवस हातात असेल तर परतवाड्यावरून वर चिखलदरा आणि गाविलगड, पण तो वेगळा ट्रिप धरा, घाईत नको.

गेज बदलून ब्रॉडगेज करायची घोषणा बऱ्याच वर्षांपूर्वी झालीये, लोकांनी "शकुंतला बचाव" म्हणून आंदोलनंही केली. अचलपुरात ज्याला विचाराल तो म्हणतो होईल, होईल. स्टेशनवरच्या पोरांना विचारलं तर एक म्हणाला, "झाली त आमी कुठं खेळाचं?"

परतीच्या वाटेवर अंजनगावला मामाकडे पुन्हा जेवण, आणि तिथून आईला व्हिडिओ कॉल. मी तिला फाटकाचं सगळं सांगितलं, दोनदा थांबणं, मागचा डबा, सगळं. आई दोन सेकंद गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे मी म्हणत होते तेच, आई थापा मारायची."

मामाने माझ्या हातातून फोन घेतला. "थाप कायची? गाडी थांबेच. तिच्यासाठी नाई थांबे, एवढंच."